पोलिसांसाठी हेलिकॉप्टर : कोणते घ्यावे आणि घेण्याआधी काय विचारावे?

एखाद्या राज्याचे पोलीस हेलिकॉप्टर घेणार, अशी बातमी आली की चर्चा दोनच गोष्टींची होते. किंमत किती आणि कंपनी कोणती? विरोधक म्हणतात पैशांची उधळपट्टी, सरकार म्हणते सुरक्षेशी तडजोड नाही. पण पोलिसांना ते नक्की कशासाठी हवे आहे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. सगळी गोम इथेच आहे. हेलिकॉप्टर चांगले की वाईट हे कामावरून ठरते. एका कामाला उत्तम असलेले यंत्र दुसऱ्या कामात निव्वळ ओझे होऊन बसते. म्हणून ही निवड कशी करतात, जगात इतरत्र काय अनुभव आले आणि नागरिक म्हणून आपण कोणता हिशेब मागायचा, ते या लेखात सोप्या भाषेत मांडत आहोत.

काम आधी, यंत्र नंतर

पोलिसांच्या हवाई कामाचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

पहिले काम नजर ठेवण्याचे. पळालेला आरोपी, हरवलेले मूल, मोठी मिरवणूक, महामार्गावरचा पाठलाग. यात हेलिकॉप्टर तासन्‌तास एका भागावर घिरट्या घालते. माणसे कमी लागतात, कॅमेरा चांगला लागतो.

दुसरे काम जवानांची ने-आण. इथे कॅमेऱ्यापेक्षा आसने आणि दरवाजे महत्त्वाचे. आठ-दहा सशस्त्र जवान काही सेकंदांत उतरले पाहिजेत.

तिसरे काम जखमींना हलवण्याचे. स्ट्रेचर आत सरळ सरकले पाहिजे आणि डॉक्टरला रुग्णाच्या डोक्याशी बसता आले पाहिजे. मागून उघडणारे दार असेल तर हे काम फार सोपे होते.

चौथे काम पूर आणि आपत्तीतले. छतावर अडकलेल्या माणसाला वर ओढून घ्यायला दोराचे यंत्र, म्हणजे होइस्ट लागते. त्यासाठी हवेत एका जागी स्थिर राहण्याची ताकदही लागते.

चारही कामे उत्तम करणारे यंत्र जगात कोणी बनवत नाही. म्हणून वर्षातले किती तास कोणत्या कामाला जाणार, याची नोंद आधी कागदावर आली पाहिजे. ती नसेल तर टेंडरमधल्या अटी कंपनीच्या माहितीपत्रकातून उतरतात आणि यंत्र आल्यावर त्याला काम शोधावे लागते.

बाजारात काय आहे?

सर्वांत लहान गट पिस्टन इंजिनाचा. अमेरिकेच्या रॉबिन्सन कंपनीचे चार आसनी आर-४४ पोलीस कामासाठीही मिळते. ते स्वस्त आहे, पण त्याला एव्हीगॅस हे वेगळे इंधन लागते. आपल्याकडे ते मोजक्याच ठिकाणी मिळते. त्याच कंपनीचे पाच आसनी आर-६६ टर्बाइन इंजिनावर चालते, म्हणजे विमानांचे नेहमीचे इंधन त्याला पुरते.

त्यावरचा गट एका टर्बाइन इंजिनाचा. एअरबसचे एच-१२५ (जुने नाव एएस-३५०) आणि बेल ४०७ ही त्यातली ओळखीची नावे. जगभरातल्या पोलिसांकडे हा गट मोठ्या संख्येने दिसतो.

तिसरा गट दोन इंजिनांच्या हलक्या हेलिकॉप्टरांचा. एच-१३५ साधारण तीन टनांचे, तर एच-१४५ पावणेचार टनांच्या आसपासचे. एच-१४५ ला मागून दार आहे, त्यामुळे रुग्णवाहिका म्हणूनही त्याला मागणी आहे.

चौथा गट मोठ्या यंत्रांचा. आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ध्रुव साडेपाच टनांचे आहे, रशियन एमआय-१७ तेरा टनांपर्यंत वजन घेऊन उडते. सीमा सुरक्षा दलाच्या हवाई शाखेकडे ही दोन्ही आहेत.

वजनाचा हिशेब

माहितीपत्रकात 'सहा आसने' लिहिलेले असते म्हणून सहा माणसे बसतील असे होत नाही. एच-१२५ गटातल्या यंत्राचा ढोबळ हिशेब करून पाहू. उड्डाणाचे कमाल वजन २,२५० किलो. रिकाम्या यंत्राचे साधारण १,२५० किलो धरू. थर्मल कॅमेरा, सर्चलाइट, पोलीस रेडिओ, नकाशाचा पडदा, जमिनीवर चित्र पाठवणारे उपकरण आणि या सगळ्यांचे कंस व वायरिंग मिळून २०० किलो. वैमानिक आणि दोन पोलीस, सामानासकट प्रत्येकी ९० म्हणजे २७० किलो. आता उरले ५३० किलो. त्यात टाकी भरली तर ५४० लिटर, म्हणजे सुमारे ४३० किलो इंधन. शिल्लक फक्त १०० किलो.

म्हणजे सहा आसनी यंत्रात टाकी भरून चौथा माणूस कसाबसा बसेल. आणखी दोन सशस्त्र जवान न्यायचे तर इंधन कमी करा. इंधन कमी केले की घिरट्यांचा वेळ कमी. उपकरणांची यादी वाढवताना प्रत्येक किलोची किंमत मिनिटांत मोजावी लागते. अनुभवी दले म्हणूनच आधी उपकरणे ठरवतात आणि ती पेलणारे यंत्र नंतर शोधतात. आपल्याकडे अनेकदा उलटे घडते : आधी हेलिकॉप्टर येते, मग त्यावर कॅमेरा कुठे बसवायचा याची बैठक होते.

ऊन हा न दिसणारा शत्रू

वरचा हिशेब झाला थंड हवेतला, समुद्रसपाटीचा. हवा तापली की विरळ होते आणि विरळ हवेत पंख्यांना पकड मिळत नाही, इंजिनाची ताकदही घटते. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तिथली हवा थंड दिवसातल्या १,४०० ते १,५०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. म्हणजे यंत्र उभे असते नागपुरात आणि त्याला वाटते आपण महाबळेश्वरच्या माथ्यावर आहोत.

त्यामुळे विचारायचा आकडा कमाल वजनाचा नाही. विचारायचे असे : आमच्या जिल्ह्यात, मे महिन्याच्या दुपारी, पूर्ण उपकरणांसह, जमिनीपासून उंच हवेत एका जागी थांबून हे यंत्र किती वजन पेलते? जमिनीलगत थांबणे सोपे असते, कारण पंख्याखालची हवा जमिनीवर दाबली जाऊन आधार देते. झाडांच्या वर किंवा पुराच्या पाण्यावर दोर सोडून थांबायचे असेल तर हा आधार मिळत नाही. दोन्हींचे तक्ते वेगळे असतात. विक्रेता दाखवतो तो तक्ता कोणता, हे बघायलाच हवे.

एक उदाहरण नेहमी सांगितले जाते. १४ मे २००५ रोजी एक इंजिनाचे एएस-३५० बी-३ हेलिकॉप्टर एव्हरेस्टच्या माथ्यावर टेकले. पराक्रम खराच. पण त्या वेळी आतली प्रवासी आसने काढून यंत्र हलके केले होते आणि वैमानिक एकटाच होता. विक्रम करणारे रिकामे यंत्र आणि ड्युटीवरचे भरलेले यंत्र यांची तुलना होत नाही.

एक इंजिन की दोन?

या प्रश्नावर जगातल्या पोलीस दलांचेही एकमत नाही. लॉस एंजेलिसचे पोलीस शहरावर वर्षानुवर्षे एक इंजिनाची हेलिकॉप्टरे उडवत आले. ब्रिटनमध्ये मात्र शहरांवर घिरट्या घालणारी पोलीस हेलिकॉप्टरे दोन इंजिनांचीच असतात. एक इंजिन बंद पडले तर वैमानिक पंखा वाऱ्यावर फिरत ठेवून यंत्र उतरवू शकतो, पण त्यासाठी खाली मोकळी जागा लागते. धारावीसारख्या वस्तीवर ती कुठून आणायची? दाट वस्ती, रात्र, घनदाट जंगल किंवा समुद्र असेल तर दुसऱ्या इंजिनाचा खर्च सार्थ ठरतो. महामार्ग आणि मोकळ्या शिवारावर एक इंजिनाचे यंत्र तेच काम कितीतरी कमी पैशांत करते.

पण दोन इंजिने घेतली म्हणजे काळजी मिटली, असे समजणेही धोक्याचे. २९ नोव्हेंबर २०१३ च्या रात्री स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात पोलिसांचे ईसी-१३५ हेलिकॉप्टर गर्दी असलेल्या क्लुथा या पबच्या छतावर कोसळले. हेलिकॉप्टरमधले तिघे आणि खालचे सात असे दहा जण गेले. हे दोन इंजिनांचे, नावाजलेले यंत्र होते. तपासात निघाले की मुख्य टाकीत इंधन शिल्लक होते. मात्र ते इंजिनांच्या टाक्यांकडे नेणाऱ्या पंपांची बटणे बंद होती. इंधन कमी असल्याचे इशारे मिळाले होते, तरी उड्डाण चालू राहिले आणि एकापाठोपाठ दोन्ही इंजिने बंद पडली. तसे का घडले याचे पूर्ण उत्तर मिळाले नाही, कारण हेलिकॉप्टरमध्ये फ्लाइट रेकॉर्डर नव्हता. नियमाने तो सक्तीचाच नव्हता.

खरेदी करणाऱ्यांसाठी यात तीन धडे आहेत. फ्लाइट रेकॉर्डर सक्तीचा नसला तरी घ्यावा. एकाच वैमानिकावर रात्रीच्या शहरी उड्डाणाचा किती भार टाकायचा, हे आधी ठरवावे. आणि प्रशिक्षणाचे पैसे मूळ कंत्राटात धरावेत, नंतर बघू म्हणून सोडू नयेत.

जंगलातले काम वेगळे

शहरासाठी योग्य यंत्र गडचिरोलीत चालेलच असे नाही. तिथे अंतर मोठे, जंगल दाट आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्त्याचा संपर्क तुटतो. चकमकीत जखमी झालेल्या जवानाला पहिल्या तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेणे हे तिथले सर्वांत मोठे काम. निवडणुकीत मतदान पथके हवाई मार्गाने पोहोचवावी लागतात. पुरात अडकलेल्या गरोदर महिलांना आणि रुग्णांनाही पोलिसांच्या हेलिकॉप्टरने दवाखान्यात आणले गेले आहे. त्या भागातल्या माणसासाठी हे यंत्र म्हणजे कधी कधी एकमेव रुग्णवाहिका.

अशा ठिकाणी आणखी एक गोष्ट लागते : खालून येणाऱ्या गोळीपासून संरक्षण. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यात मतदान पथकाला परत आणणाऱ्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर माओवाद्यांनी गोळीबार केला. त्यात फ्लाइट इंजिनिअर सार्जंट मुस्तफा अली यांनी प्राण गमावले. जानेवारी २०१३ मध्ये सुकमा भागात हवाई दलाच्या आणखी एका हेलिकॉप्टरला गोळ्या लागून ते तातडीने उतरवावे लागले. तळाला चिलखती पत्रे आणि गोळी लागली तरी गळणार नाही अशी इंधन टाकी यांचे वजन शेकडो किलोंत जाते. म्हणजे परत वजनाचा हिशेब आला. शहरासाठी घेतलेल्या हलक्या यंत्रावर नंतर चिलखत चढवायचे म्हटले तर जवान कुठे बसवायचे, हा प्रश्न उरतो.

आवाज, शेपटी आणि तारा

रात्री दोन वाजता घरांवर घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर लहान मुले, म्हातारी माणसे आणि रुग्ण सगळ्यांनाच जागे करते. आवाजाचा मोठा भाग शेपटीच्या पंख्यातून येतो. एच-१३५ आणि एच-१४५ मध्ये तो पंखा कवचात बसवलेला असतो. एमडी कंपनीच्या काही यंत्रांत शेपटीला पंखाच नसतो, हवेच्या झोताने काम होते. याने आवाज कमी होतोच, शिवाय उतरल्यावर धावत येणाऱ्या माणसाला फिरता पंखा लागण्याचा धोकाही घटतो. गर्दीत, शाळेच्या मैदानावर उतरणाऱ्या यंत्रासाठी ही चैन नाही, गरज आहे.

तारांचे तसेच. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उडालेले राज्य सरकारचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर काही क्षणांत खाली आले आणि विजेच्या तारांत अडकले. सुदैवाने आतले सगळे वाचले. आपल्या गावांत हेलिपॅड म्हणजे चुन्याने आखलेला गोल आणि बाजूला विजेचे खांब. पोलीस हेलिकॉप्टर तर आखलेल्या गोलाबाहेरही उतरणार. म्हणून तार कापणारी पाती आणि खडबडीत जमिनीवर टेकणारे मजबूत स्किड हवेत. आत ओढली जाणारी चाके धावपट्टीवर बरी दिसतात, पण नांगरलेल्या शेतात अडचण करतात.

खर्च तासाचा मोजा

खरेदीची किंमत एकदाच द्यावी लागते. खरा खर्च पुढे : वैमानिक, अभियंते, विमा, हँगर, इंधन आणि ठरावीक तासांनी बदलावे लागणारे भाग. यातला बराच खर्च यंत्र उडो न उडो, चालूच राहतो. म्हणून तास जितके कमी, तितका प्रत्येक तास महाग.

केरळ पोलिसांनी २०२० मध्ये पवन हंसकडून हेलिकॉप्टर भाड्याने घेतले. महिन्याला २० तासांच्या उड्डाणासाठी १ कोटी ४४ लाख रुपये आणि वर कर. भागाकार केला तर तासाला ७ लाख २० हजार, तेही सगळे २० तास वापरले तर. त्यावर मोठा वाद झाला. उलट लॉस एंजेलिसमध्ये १७ हेलिकॉप्टरांचा ताफा वर्षाला सुमारे १६,००० तास उडतो. शहराच्या कंट्रोलरने डिसेंबर २०२३ मध्ये केलेल्या लेखापरीक्षणात तासाचा खर्च २,९१६ डॉलर निघाला, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २ लाख ४० हजार रुपये. वर्षाचा खर्च साडेचार कोटी डॉलरच्या पुढे. पण त्याच अहवालाने दाखवले की उड्डाणाचा ६१ टक्के वेळ तातडीच्या गुन्ह्यांवर गेलाच नव्हता. किरकोळ घटना, सर्वसाधारण गस्त, वाहतूक आणि समारंभ यांत तो गेला होता. तासाचा दर कमी असून उपयोग नाही, तास कशावर गेला तेही पाहावे लागते.

यंत्रे एकत्र ठेवायची की वाटून, हाही पैशांचाच प्रश्न. इंग्लंड आणि वेल्सने ऑक्टोबर २०१२ पासून वेगवेगळ्या पोलीस दलांची हेलिकॉप्टरे एका राष्ट्रीय सेवेखाली आणली. पैसे वाचवण्यासाठी तळ कमी केले. पुढे २०१७ च्या सरकारी तपासणीत दिसले की अनेक ठिकाणी हेलिकॉप्टर वेळेत पोहोचत नाही. पाठलाग संपल्यावर आलेले यंत्र कितीही आधुनिक असो, काय कामाचे?

सगळा ताफा एकाच प्रकारचा ठेवला तर सुटे भाग आणि प्रशिक्षण स्वस्त पडते, पण धोकाही एकवटतो. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशभरातली ध्रुव काही महिने जमिनीवर ठेवावी लागली. अशा वेळी पर्यायी व्यवस्था काय, हे कंत्राटाच्या दिवशीच ठरलेले असावे.

ड्रोन असताना हेलिकॉप्टर कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. मिरवणुकीवर नजर, एका मोहल्ल्यातला शोध, अपघाताची मोजणी ही कामे आज ड्रोन कितीतरी कमी खर्चात करतो. लांब अंतरावर संथ गस्त घालायला लहान विमानही चालते. ब्रिटनच्या पोलीस सेवेने त्यासाठी दोन इंजिनांची चार पी-६८ विमाने घेतली. पण ड्रोन जखमीला उचलून आणत नाही, जवान उतरवत नाही. म्हणजे हेलिकॉप्टरचे खरे काम आता माणसे नेणे-आणणे आणि जीव वाचवणे याकडे सरकत आहे. फक्त वरून बघायचे असेल, तर आधी ड्रोनचा विचार व्हावा.

कॅमेऱ्यावर पहारा कोणाचा?

हेलिकॉप्टरचा कॅमेरा दूरवरून माणूस टिपतो, अंधारातही. ही ताकद कोणावर रोखली जाते, याची नोंद हवीच. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या न्यायालयाने एका पोलिसाला एक वर्षाचा तुरुंगवास दिला, कारण त्याने साउथ यॉर्कशायर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून लोकांच्या खासगी क्षणांचे चित्रण केले होते. चित्रणाच्या फिती शिल्लक होत्या म्हणून पुरावा मिळाला.

आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. प्रत्येक उड्डाणाचे कारण, ठिकाण, वेळ आणि चित्रण नोंदले जावे आणि त्या नोंदी उड्डाण करणाऱ्यांच्या हातात नसाव्यात. एखाद्या वस्तीवर वारंवार घिरट्या होत असतील तर तिथल्या नागरिकांना कारण विचारता आले पाहिजे. आणि निर्दोष माणूस संशयात अडकला, तर तेच चित्रण त्याच्या बाजूने साक्ष देऊ शकले पाहिजे.

खरेदीआधी हे विचारा

१. गेल्या वर्षी हेलिकॉप्टर असते तर कोणत्या घटनांत, किती तास वापरले असते?

२. त्यातली किती कामे ड्रोन किंवा रुग्णवाहिका करू शकली असती?

३. पूर्ण उपकरणांसह, ४५ अंशांत, जमिनीचा आधार नसताना यंत्र किती वजन घेऊन थांबते?

४. खाली दाट वस्ती किंवा जंगल असताना एक इंजिन बंद पडले तर पुढे काय?

५. फ्लाइट रेकॉर्डर, तार कापणारी पाती आणि स्ट्रेचर मूळ किमतीत आहेत की 'पर्यायी'?

६. वैमानिक आणि अभियंते किती? रात्री कोण उडणार?

७. दहा वर्षांचा एकूण खर्च किती आणि तासाला किती?

८. दुरुस्ती कुठे होणार? यंत्र बंद असेल तेव्हा पर्याय काय?

९. मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या प्रवासाचे तास वेगळे दाखवले जाणार का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या सोयीसाठी घेतलेल्या यंत्रात गुबगुबीत आसने असतात, स्ट्रेचर नसते. ते राजधानीत उभे असते, जंगलाच्या कडेला नाही. नाव पोलिसांचे आणि वापर साहेबांचा, असे झाले की भामरागडची बाळंतीण आणि चकमकीतला जखमी जवान दोघेही वाट बघत राहतात. पैसा जनतेचा आहे, त्यामुळे तासांचा हिशेब विधिमंडळात आणि माहितीच्या अधिकारात मागणे हा आपला हक्क आहे. पुढच्या वेळी हेलिकॉप्टर खरेदीची बातमी आली, तर कंपनीचे नाव वाचून थांबू नका. ते रात्री कुठे उभे राहणार आणि कोणासाठी उडणार, हे आधी विचारा.